न्यायालयातून वर्गाकडे

आपल्या वसतिगृहातील मुलांना ‘पुढे कोण होणार?’ असे विचारले, तर डॉक्टर, फौजदार, वकील ही उत्तरे हमखास मिळतात. ‘मी कायद्याचा प्राध्यापक होईन’ असे म्हणणारा विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. या न मिळणाऱ्या उत्तराविषयीच दोन विचार येथे मांडावयाचे आहेत.

परमपूज्य बाबासाहेब १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील १९२६च्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांची बाजू त्यांनी मांडली आणि अपिलात आरोपी निर्दोष सुटले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्वे यांच्यासाठी उभे राहिले. तेथे यश आले नाही. फौजदारी कोर्टातील जय आणि पराजय दोन्ही त्यांनी पाहिले होते.

तोच बॅरिस्टर फळ्यासमोरही उभा राहत होता. बाटलीबॉय यांच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. १९२८मध्ये मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात अध्यापन केले. आणि जून १९३५मध्ये तेथील प्राचार्यपद स्वीकारले. मातोश्री रमाईंचे निधन २७ मे रोजी झाले होते; ते दुःख ताजे असतानाच त्यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली. १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी लेखही लिहिला. १९३८ साली ते पदमुक्त झाले. पण शिक्षकाची तळमळ संपली नाही. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली विधि महाविद्यालयही सुरू केले.

अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहजी येत नसत, त्यामुळे शिकविण्याच्या वेतनाची निकड होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु केवळ निकडीने शिकविणारा माणूस कायदा कसा शिकवावा यावर लेख लिहीत बसत नाही. वकील एका वेळी एका आरोपीचा बचाव करतो. शिक्षक बचाव करणारी माणसे घडवितो. म्हणूनच वकिलीकडून अध्यापनाकडे जाणे ही माघार आहे, हा समज मला मान्य नाही.

आपल्या किन्हवली परिसरात या गोष्टीला विशेष मोल आहे. पाड्यावरचा एखादा तरुण पकडला गेला, की घरचे लोक ठाण्याच्या दारात हात जोडून उभे राहतात. अटकेचे कारण समजण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ने दिला आहे. १९८७च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळू शकतो. हक्क कागदावर आहेत. ते समजावून सांगणारा माणूस जवळ नाही. तो माणूस शिक्षणातूनच निर्माण होईल, आणि ज्याने उलटतपासणी केली आहे, जामिनासाठी दिवसभर ताटकळलेली आई पाहिली आहे, त्याने शिकविलेला कायदा विद्यार्थ्याच्या अंगी मुरतो.

वकिलांनी त्यासाठी सनद सोडावी असेही नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करीत असतानाच दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करता येते. शहापूर, मुरबाड, कल्याण येथील आपल्या वकीलबांधवांनी या सवलतीचा लाभ घ्यावा. आणि महिन्यातून एक शनिवार आपल्या विद्यालयालाही द्यावा, ही नम्र विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, वकील अवश्य व्हा. मात्र अनुभवाची शिदोरी साठली, की ती घेऊन एकदा वर्गात परत या. बाबासाहेबांच्या जयंतीला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. त्यांच्या हातातील खडू उचलणारे हात आज हवे आहेत.