मुलांची पुस्तके : आपण मोकळी सोडलेली आघाडी

पक्षाच्या बैठकीत मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला की अनेक कॉम्रेड्सच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू उमटते. भाववाढ, बेकारी, जमिनीचा प्रश्न, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न समोर असताना गोष्टींच्या पुस्तकांची चर्चा कशाला, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. ही वृत्ती वरकरणी लढाऊ वाटते. वस्तुतः ती शरणागतीची आहे. कारण ज्या आघाडीला आपण किरकोळ समजून मोकळी सोडली, ती सत्ताधारी वर्गाने कधीही किरकोळ मानलेली नाही.

शोषणाची व्यवस्था केवळ लाठी आणि तुरुंग यांच्या बळावर टिकत नाही. 'असे का?' हा प्रश्न ज्याला सुचतच नाही असा माणूस तिला पिढ्यान् पिढ्या घडवावा लागतो. मूल मात्र जन्मतः प्रश्न विचारते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, गिरणीचा भोंगा कोण वाजवतो, घर बांधणाऱ्या बाबांना राहायला घर का नाही, हे सारे प्रश्न ते एकाच कुतूहलाने विचारते. त्यातील पहिला प्रश्न विज्ञानाकडे जातो आणि शेवटचा क्रांतीकडे. म्हणूनच पहिल्या प्रश्नाची वाट अडवली की शेवटचा आपोआप गप्प होतो, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे पुरावे शोधावयास दूर जावे लागत नाही. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माच्या नावाने आपल्या समाजाला माणूसपण का नाकारले जाते, हा त्या निबंधाचा सवाल होता. अक्षरओळख होऊन फार काळ न लोटलेल्या मुलीने व्यवस्थेच्या मुळाशी हात घातला! १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या घामातून जमा होणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि कष्टकऱ्यांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, असा त्यांचा आरोप होता. तो आज इतिहासजमा झाला आहे, असे कोण म्हणू शकेल?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असतील. म्हणजे गोष्टीचे पुस्तक ही आता कुणाची मेहेरबानी नसून मुलाचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात काय दिसते? कुलूपबंद कपाट, त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि पुस्तक फाटले तर भरून द्यावे लागेल या धास्तीने ते मुलाच्या हाती न देणारा शिक्षक. त्या शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे त्याच्या माथी मारणारे सरकार खरे दोषी आहे. याच सरकारी यंत्रणेने २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळां'त विलीन करण्याची योजना पुढे आणली. पाड्यावरची शाळाच उठली, तर कपाट आणि किल्ली यांची चर्चा तरी कशाला उरेल?

अभ्यासक्रमाचीही तीच गत. 'भार हलका करणे' या गोंडस नावाखाली २०२२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी वगळली. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर निषेध केला. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे त्यावर सांगण्यात आले. पण शेतमजुराची मुलगी, बांधकाम मजुराचा मुलगा यांतील किती जण बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोहोचतात? माणूस कुठून आला याचे शास्त्रीय उत्तर पुढे शिकण्याची ऐपत असणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे आणि बाकीच्यांना पुराणकथांच्या हवाली करायचे, हाच या 'हलकेपणा'चा वर्गीय अर्थ होय.

राज्यसंस्था हात आखडते तिथे बाजार हात पसरतो. मोठ्या शहरांतील चकचकीत दुकानांत मुलांसाठी सुंदर पुस्तके आहेत; आम्ही त्यांच्या सौंदर्यावर रागावलेलो नाही. राग आहे तो त्यांच्या किमतीवर, आणि वाचनाला स्पर्धेची पूर्वतयारी बनवणाऱ्या दृष्टीवर. सुखवस्तू घरातील मुलाची 'सर्जनशीलता' ही आता शिकवणीची बाब झाली असून तिचेही शुल्क आकारले जाते. कामगारवस्तीतील मुलाच्या वाट्याला मात्र पाठ्यपुस्तक, त्याचे तयार उत्तरांचे मार्गदर्शक आणि बापाचा मोबाईल एवढेच येते. एकाला कल्पना करण्याचे शिक्षण, दुसऱ्याला आज्ञा पाळण्याचे: श्रमविभागणीची सुरुवात बालवाडीतच होते.

परंतु शत्रूकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. आत्मटीका केल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. एकेकाळी मॉस्कोच्या प्रगती, मीर आणि रादुगा या प्रकाशनगृहांची पुस्तके अत्यल्प किमतीत मराठी मुलांच्या हाती पडत होती. मुंबईत लोकवाङ्मय गृह ती वितरित करी. कार्यकर्ते ती खांद्यावरच्या पिशवीतून गावोगाव नेत. जाड कागद, रंगीत चित्रे, टणक बांधणी आणि दूरच्या बर्फाळ देशातील, तरी आपल्यासारखीच खोड्या करणारी मुले! अनेक घरांत ते पहिलेच गोष्टीचे पुस्तक होते. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती पिशवी रिकामी झाली. त्या रिकामेपणाबद्दल आपण हळहळलो, पण स्वतःला विचारले नाही की इतकी वर्षे दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी वाटताना आपण आपल्या अंगणात आड का खणला नाही? वितरणालाच आपण चळवळ समजलो. लेखक, चित्रकार, मुद्रक आणि वाचक मुले यांना एकत्र आणणारी आपली स्वतःची फळी उभारली नाही. हा दोष परिस्थितीचा नाही, आपला आहे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आपल्यापैकी काहींना वाटते की मुलांचे पुस्तक म्हणजे लहान अक्षरांतील पत्रक: त्यात एक दुष्ट सावकार, एक शूर मजूर आणि शेवटी लाल झेंडा असला की झाले. अशा पुस्तकाला मूल दोन पानांत कंटाळते आणि त्याचे बरोबर असते. सनातन्यांची नीतिकथा 'आज्ञा पाळ' म्हणते, आपली नीतिकथा 'घोषणा दे' म्हणते. प्रश्न विचारण्याची जागा दोन्हींत नसते.

हा वाद नवा नाही. १९२८ साली खुद्द क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'त चुकोव्हस्की यांच्या मगरीच्या काव्यकथेवर कठोर टीका केली होती. अद्भुतकथा मुलांना वास्तवापासून दूर नेतात, असे त्या काळी अनेकांचे मत होते. गॉर्कीने त्याच 'प्रावदा'तून त्या टीकेला उत्तर दिले. ज्या क्रुप्स्कायांनी ग्रंथालयांसाठी अपार कष्ट घेतले त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हणावे लागते की या वादात गॉर्की बरोबर होते. १९३३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र राज्य प्रकाशनगृह स्थापन झाले, आणि काय वाचावेसे वाटते हे गॉर्कीने मुलांनाच विचारले. त्या पत्रांचा आधार घेऊन मार्शाक १९३४ च्या पहिल्या सोव्हिएत लेखक संमेलनात बालसाहित्यावर बोलले. मुलांच्या पुस्तकाचा विषय मुलांना विचारून ठरवावा, ही लोकशाही आपल्या किती समित्यांना सुचली आहे?

अद्भुतकथेला नाके मुरडणाऱ्यांनी मार्क्सच्या घरात डोकवावे. लंडनमधील दारिद्र्यात मार्क्स आपल्या मुलीला हान्स रॉक्ले नावाच्या जादूगाराची गोष्ट महिनोन् महिने सांगत असे, अशी आठवण एलिनॉरने लिहून ठेवली आहे. या जादूगाराचे खेळण्यांचे दुकान होते. कर्ज फेडता येत नसल्याने त्याला आपली खेळणी सैतानाला विकावी लागत, आणि नाना साहसे करून ती पुन्हा दुकानात परत येत. कर्ज आहे, कारागीर आहे, त्याच्या हातून निसटणारी त्याची निर्मिती आहे. पण उपदेशाचा एक शब्द नाही! मुलींच्या प्रश्नावलीत आवडते बोधवचन म्हणून याच मार्क्सने सर्व गोष्टींबद्दल शंका घ्यावी, या अर्थाचे लॅटिन वचन लिहिले. लेनिनने १९२२ च्या पक्ष काँग्रेसमध्ये बजावले की कल्पनाशक्ती फक्त कवीला लागते ही समजूत चुकीची आहे. गणितालाही ती लागते. आजचे जग जसे आहे त्याहून निराळे असू शकते, ही मूळ कल्पना ज्याला करता येत नाही तो ते बदलणार तरी कसे?

"आधी भाकरी, मग पुस्तक" असे म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण देतो. भौतिकशास्त्र रोजच्या अनुभवातील कोड्यांतून उलगडणारे याकव पेरेलमान भारतीय वाचकांनाही परिचित आहेत. लेनिनग्राडच्या वेढ्यात, स्वतः उपाशी असताना, ते सैनिकांना साधनांविना दिशा व अंतरे कशी ओळखावीत यावर व्याख्याने देत होते. १९४२ मध्ये उपासमारीने त्यांचा अंत झाला. भाकरी आणि ज्ञान यांचा क्रम लावण्याची चैन त्या शहराने केली नाही. दोन्हींसाठी ते एकाच वेळी लढले.

आपल्या देशातही मार्ग दाखवणारे प्रयोग झाले. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे 'एकलव्य' संस्थेने तो चालवला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुले प्रयोग करून ती शोधीत. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला खेड्यातील मुले पत्रे लिहून मनातील प्रश्न विचारीत. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. देशभरातील विद्वानांनी निषेध नोंदवला. सरकार हलले नाही. केरळात मात्र शास्त्र साहित्य परिषदेने १९७० पासून 'युरेका' हे मुलांचे मासिक चालवले, कारण गावोगावच्या शाखा आणि वाचनशाळा त्यामागे उभ्या राहिल्या. दोन्हींतील धडा स्पष्ट आहे: उत्तम पुस्तकालाही संघटित जनतेचा आधार लागतो, आणि तो आधार उभा करणे हे पक्षाचे काम आहे.

म्हणून ठरावाऐवजी काम सुचवतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शाळेचे कपाट उघडण्याची मागणी शिक्षणहक्क कायद्याच्या आधारे लेखी करावी आणि ती तडीस न्यावी. अंगणवाडी सेविकांच्या संघटनांत आपले हजारो सभासद आहेत. मानधनाच्या लढ्याबरोबरच प्रत्येक अंगणवाडीला चित्रपुस्तके मिळावीत, ही मागणी त्यांच्या मागणीपत्रकात असावी. युनियनच्या कार्यालयात एक फळी मुलांच्या पुस्तकांची असावी. ती मुलांनी हाताळावी, मळवावी, फाडावीसुद्धा. इंदूर, हैदराबाद, सुरत येथील मराठी कॉम्रेड्सनी मराठीबरोबर त्या त्या प्रांताच्या भाषेतील पुस्तकेही ठेवावीत. कामगाराच्या मुलाला दोन भाषा हे ओझे नसून भांडवल आहे. आणि ज्यांना लिहिता-चित्र काढता येते त्यांनी मुलांसाठी लिहावे. छापण्यापूर्वी मुलांना वाचून दाखवावे. मूल जांभई देईल तिथे खोडावे.

कॉ. गोविंद पानसरे यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या लहानशा, स्वस्त पुस्तकाने एकच साधा प्रश्न विचारला होता: शिवाजी कोण होता? २०१५ साली त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तोही प्रश्न विचारायला शिकवणाऱ्याचाच. ज्यांना प्रश्नांची इतकी भीती वाटते, त्यांना प्रश्न विचारणारी एक अख्खी पिढी हेच आपले उत्तर आहे. ती पिढी सभेत घडत नाही. ती आईच्या मांडीवर, शाळेच्या ओट्यावर, पुस्तकाचे पान उलटताना घडते. ते पान तिच्यापर्यंत पोहोचवणे हे दुय्यम काम नव्हे. आता हसणे पुरे. कामाला लागू या!