बटण दाबलं, भाग गेला, नोंद तिथेच

मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये फॉर्मचा एखादा भाग दाखवायचा-लपवायचा तर एका ओळीत काम भागतं. बटणाच्या क्लिकवर त्या सेक्शनच्या ‘व्हिजिबल’ला ‘नॉट’ लावायचा. दिसत असेल तर जातो, नसेल तर येतो. नव्यानं प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला ही ओळ फार आवडते, आणि आवडावी अशीच ती आहे. पण कुणाला विचारून ती निर्णय घेते, हे पाहिलं की मला तिचा भरवसा वाटत नाही. ती पडद्याला विचारते, आत्ता काय दिसतंय? विचारायला हवं होतं समोर उघडलेल्या नोंदीला.

समजा, एका पतसंस्थेचा सभासद-फॉर्म आहे. नामनिर्देशनात वारसाचं नाव आणि जन्मतारीख, आणि वारस अज्ञान असेल तर पालकाचं नाव, नातं, पत्ता. पालकाचे तीन रकाने फॉर्म-फूटरमध्ये टाकले आणि वर बटण ठेवलं, ‘पालक दाखवा/लपवा’. पहिल्या सभासदाचा वारस सज्ञान, म्हणून लिपिकानं खालचा भाग बंद केला आणि पुढच्या नोंदीवर गेला. पुढचा वारस नऊ वर्षांचा. पण सेक्शनचं दिसणं-लपणं फॉर्मचं असतं, नोंदीचं नसतं. नोंद बदलली तरी भाग बंदच राहतो. तीन रकाने डोळ्यांसमोर आलेच नाहीत, नोंद पालकाविना जतन झाली. उलटंही होतं. आधी अज्ञान वारस होता, पालक भरला होता. पुढे वारस बदलून सज्ञान व्यक्तीचं नाव घातलं आणि बटण दाबून भाग मिटवला. फॉर्म स्वच्छ दिसतो. टेबलात मात्र पालकाचं नाव जिथल्या तिथे आहे, आणि नामनिर्देशनाची प्रत छापणारा रिपोर्ट टेबलातूनच वाचतो. फॉर्मवर काय झाकलंय, याची त्याला गंधवार्ता नसते. त्यात कुणी टेबलात तो रकाना ‘रिक्वायर्ड’ करून ठेवला असेल तर आणखी मजा: पालक भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही, आणि जो रकाना भरायचा तो पडद्यावर नाही.

म्हणून हा निर्णय बटणाच्या हातून काढून एका वेगळ्या प्रोसीजरकडे द्यावा. तिनं वारसाची जन्मतारीख बघावी, भाग दिसावा की नाही ते ठरवावं, आणि बटणावरची अक्षरंही तिनंच बदलावीत. नोंद बदलली की ‘करंट’ इव्हेंटमधून तिला बोलवायचं, तारीख बदलली की ‘आफ्टर अपडेट’मधून, बटण दाबलं की तिथूनही. वय मोजताना मात्र ‘डेटडिफ’ला नुसती वर्षं विचारू नयेत. ते कॅलेंडरची वर्षं किती उलटली एवढंच मोजतं, त्यामुळे डिसेंबरात अठरा पूर्ण करणारं पोर जानेवारीतच सज्ञान ठरतं. काही जण दिसण्याची स्थिती स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये जपतात. ते पडद्याला विचारण्याहूनही वाईट. व्हीबीएत ‘ट्रू’ म्हणजे उणे 1. कुणी इंटिजरमध्ये 1 ठेवून त्याला ‘नॉट’ लावला तर उत्तर येतं उणे 2, पुन्हा लावला तर 1. शून्य नाही ते सगळं खरंच धरलं जातं, त्यामुळे बटण कितीही दाबा, भाग मिटत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळं नोंदच ठरवणार असेल तर बटण हवंच कशाला? हवंच आहे. तीसेक रकान्यांचा फॉर्म लहान पडद्यावर पसरला की भरणाऱ्याची दमछाक होते, आणि फोनवर सभासदाचा पत्ता सांगायचा असताना पालकाचा तपशील वाटेत नको असतो. वाचण्याच्या सोयीसाठी झाकणं रास्तच आहे. झाकलेल्या भागात काही भरलेलं असेल तर मात्र बटणावर तसं लिहिलेलं हवं: ‘पालक (भरलेला)’. वारस अज्ञान आणि पालकाचा रकाना कोरा, अशा वेळी बटणानं बंद व्हायला नकारच द्यावा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हाताखालचा फॉर्म आपोआप वरखाली होऊ लागला तर टंकणारा गोंधळतो. मान्य. अॅक्सेस स्वतःही एवढी मर्यादा पाळतं: ज्या कंट्रोलवर फोकस आहे तो लपवायला गेलात तर 2165 क्रमांकाची चूक दाखवून थांबवतं. म्हणून लिपिक जन्मतारखेतून बाहेर पडल्यावरच भाग उघडावा-मिटावा, अर्ध्या तारखेवर नव्हे. आणि तारीख बदलली म्हणून जुना पालक गुपचूप पुसू नये. टंकताना वर्ष चुकलेलंही असू शकतं. विचारावं, मग पुसावं.

याच बटणाचा आणखी एक वापर मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे गुप्ततेसाठी. पगाराचा भाग झाकला म्हणजे तो लिपिकाला दिसणार नाही, हा समज. वेगळा बंदोबस्त केलेला नसेल तर शिफ्ट दाबून फाइल उघडली की स्टार्टअपच्या सेटिंग बाजूला पडतात, एफ-11 दाबला की टेबलांची यादी समोर येते. अॅक्सेस 2007 पासूनच्या एसीसीडीबी फाइलीत वापरकर्तानिहाय सुरक्षा उरलेलीच नाही. वेबवरही ‘डिस्प्ले नन’ केलेला रकाना फॉर्म पाठवताना बाकीच्यांबरोबर निमूट जातो. ‘डिसेबल्ड’ केला तरच मागे राहतो. अॅक्सेसच्या त्या यादीतून पगाराच्या टेबलावर दोनदा क्लिक केलं, की फॉर्मवर झाकलेला रकाना आकड्यांसकट उघडा पडतो. दुरुस्तही करता येतो.