चढलेली लय म्हणजे चुकलेली लय?

विष्णुपुरीतल्या भजनस्पर्धेत यंदा एका मंडळाचे गुण कापले गेले. कारण काय, तर अभंग संपेपर्यंत लय चढली. ‘मोबाइलमधला तबला लावून सराव करा. सुरुवातीला जी लय तीच शेवटी हवी. लय चढणं हा कच्चेपणा आहे, शास्त्रात बसत नाही,’ असा उपदेशही परीक्षकांनी वर केला.

शास्त्राचं नाव घेतलं म्हणून बोलणं भाग आहे. कोणतं शास्त्र? ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात आपल्याच मराठवाड्यात लिहिला गेला, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या हातून. त्याच्या तालाध्यायात लय कशी चालवावी याचा नियम आहे. त्याला यती म्हणतात. समा यतीत लय आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहते. परीक्षकांना तेवढी एकच ठाऊक दिसते. तिच्या शेजारी स्रोतोगता आहे: आधी विलंबित, मग मध्य, मग द्रुत, प्रवाहासारखी. गोपुच्छा तिच्या उलट. भरताच्या नाट्यशास्त्रातही या तिन्ही आहेत. म्हणजे जिच्यापायी गुण गेले, तिला शास्त्रानं नाव दिलंय, लक्षण सांगितलंय. धरणाची दारं उघडल्यावर गोदावरी कशी निघते हे पाहत आलेल्या गावाला प्रवाहाची उपमा समजावून सांगावी लागत नाही. परीक्षकांना लागते.

यंत्राचं म्हणाल, तर एकसारखे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट 1815 चं. त्याचं कौतुक करणाऱ्या बीथोवननंही एका गीतावर आकडा घालून, तो सुरुवातीपुरताच धरावा, भावनेलाही तिची लय असते, अशी पुस्ती जोडली.

आणि कच्चेपणा? हातातून सुटलेली लय आणि चढवलेली लय यांतला फरक कुठल्याही पखवाजियाला कळतो.

 

अभंग ठाय लयीत उचलतात तो शब्द कळावा म्हणून. टाळकरी चरण झेलतात, शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो, मग पखवाज लय चढवतो आणि गजरापर्यंत नेतो. धुमाळीच्या मात्रा आठच्या आठ राहतात, त्यांच्यातलं अंतर तेवढं कमी होतं. शब्द कळल्यावर त्यात रमायचं असतं, त्यासाठी ही चढण.

पुढच्या वर्षी गुणपत्रिकेत ‘लय स्थिर’ हा रकाना खोडा आणि तिथे ‘लय कशी चढवली’ असं लिहा. त्या मंडळाचे कापलेले गुणही परत द्या.