गळती आधी शोधा, पाना नंतर धरा



मृग जवळ आलाय. नांगरट, रोटाव्हेटर उरकून बरेच ट्रॅक्टर सध्या चार-आठ दिवस दारात उभे आहेत. सकाळी एकदा वाकून खाली बघा. काळा डाग दिसला तर त्यावर माती टाकून मोकळे होऊ नका.

गळतीबद्दल गावात दोनच मतं ऐकू येतात. एक, "जुना ट्रॅक्टर आहे, गळायचंच. ऑइल टाकत राहायचं." दुसरं, "इंजिन खोला, सगळी पॅकिंग बदलून टाका." माझ्या मते दोन्ही चूक. पहिल्यात इंजिन जातं, दुसऱ्यात विनाकारण पैसा जातो. तेल नेमकं येतंय कुठून, हे मात्र दोन्हीकडं कुणी बघत नाही. आणि हे बघायचं काम मालकाचं आहे. मेस्त्रीकडं अर्धा तास असतो, ट्रॅक्टर रोज आपल्या डोळ्यासमोर असतो.

"थेंब-थेंबच तर पडतंय" म्हणणाऱ्यांनी ढोबळ हिशोब करावा. 5 सेकंदाला 1 थेंब म्हणजे तासाला 720 थेंब. 20 थेंबांचा 1 मिली धरला तर तासाला 36 मिली. दिवसाला 8 तास काम झालं तर 288 मिली, म्हणजे आठवड्यात 2 लिटर. ज्या इंजिनात 7-8 लिटर ऑइल बसतं, त्याचा पाव भाग गेला. पेरणीच्या धांदलीत पट्टी बघायची राहिली की बेरिंग आणि क्रँकवर येतं. ट्रॅक्टर गॅरेजला आणि रान वाफशावर, अशी वेळ येते. मळणीत तर गरम सायलेन्सरवर तेल आणि आजूबाजूला भुसकट, आग लागायला अजून काय पाहिजे?

आता शोधायचं कसं ते बघू. तेल वरून खाली ओघळतं आणि पंख्याची हवा ते मागं पसरवते. म्हणून थेंब जिथं पडतो, तिथंच बिघाड असेल असं नाही. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी काळं, पातळसर असेल तर इंजिन ऑइल. पिवळसर-तपकिरी आणि जाडसर असेल तर गिअरचं किंवा हायड्रॉलिकचं. डिझेल वासावरून कळतं. निम्मा घोळ इथंच मिटतो.

मग इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं चिखल-तेलाचा थर काढा, धुऊन पूर्ण वाळू द्या. धुताना अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकनं बांधा, नंतर आठवणीनं सोडा. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर मारा. हँडब्रेक ओढून, चाकाला उटी लावून 10-15 मिनिटं इंजिन चालवा. बंद करा आणि मग बॅटरी मारून बघा. पावडर जिथं भिजली, त्यातली सगळ्यात वरची जागा धरा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात, गमछा नेऊ नका.

दुरुस्ती स्वस्तापासून सुरू करा. आधी पट्टी बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलंय का? मग ब्रीदर. तो चोंदला की इंजिनमधली हवा कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. ब्रीदर साफ करूनही तिथून धुराचे भपके येत असतील तर रिंगा घासल्यात, तिथं पॅकिंग बदलून उपयोग नाही.

टॅपेट कव्हर ओलं असेल तर नवं पॅकिंग टाका, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. जोर लावला की कॉर्क दबून फाटतो, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. फिल्टरवर जुनं रबर चिकटून राहिलंय का बघा, नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवा आणि फिल्टर हातानंच आवळा. ड्रेन नटाचं तांब्याचं वायसर बदला. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून तेल येत असेल तर स्विचच बदलायचा. एवढी कामं घरी होतात.

क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून तेल येत असेल तर हात घालू नका. ते क्रँकच्या मागच्या सीलचं किंवा गिअरबॉक्सच्या सीलचं असतं, त्यासाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. ते मेस्त्रीचंच काम. पट्टीवर ऑइल वाढलेलं किंवा दुधाळ दिसलं, तर इंजिन चालूच करू नका. आत डिझेल किंवा पाणी जातंय.

वरून सिलिकॉन थापणं हा उपाय नाही. तेलकट जागेवर ते धरत नाही. पॅकिंगला भरमसाट लावलं तर जादाचं आत सुटतं आणि ऑइलच्या गाळणीत अडकतं.

अजून एक. गळणारं तेल शेवटी आपल्याच रानात जातं. तेल मुरलेली माती पाणी धरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. जळक्या ऑइलमध्ये धातूचे कणही असतात. 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. विहिरीच्या काठावर ऑइल बदलायची सवय मोडा. ते डब्यात साठवा आणि जळकं ऑइल घ्यायचा परवाना असलेल्यालाच द्या.

काम झालं की तारीख आणि मीटरचे तास वहीत लिहा, आणि दर 10 तासांनी पट्टी बघा. मेस्त्रीकडं जावं लागलंच तर "ट्रॅक्टर गळतोय" एवढंच सांगू नका. "टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून इंजिन ऑइल येतंय, ब्रीदर साफ केलाय" असं सांगा. मग तो तेवढंच खोलेल आणि बिलही तेवढ्याचंच होईल.