विज्ञान-परिचय : धातुशोधक यंत्राचा गोंगाट

धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन समुद्रतीरी हिंडणारी मंडळी आपल्या वाचकांनी पाहिली असतीलच. यंत्र एकसारखे किंचाळू लागले की नवशिक्यास ते बिघडल्यासारखे वाटते. बहुधा बिघाड नसतो. यंत्र त्या जागेस अनुरूप लावलेले नसते. उदाहरणादाखल आम्ही बहरीनचा किनारा घेतो.

तेथील वाळू मुख्यत्वे चुनखडीची व शिंपल्यांची, तीत लोह अल्प. परंतु ओहोटीनंतर मागे राहणारे खारे पाणी विजेचे सुवाहक असते. यंत्राच्या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र त्या ओलाव्यातच प्रवाह उत्पन्न करते व धातू नसताही संकेत मिळतो. आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात. तेथील अडचण निराळी.

प्रथम गोंगाटाचे मूळ ओळखावे. वेटोळे हवेत स्थिर धरावे. तरीही आवाज येत राहिला, तर तो वीजवाहिन्या, मोबाइल फोन किंवा जवळचे दुसरे यंत्र यांचा समजावा. फोन बंद करावा, अंतर वाढवावे, यंत्राची वारंवारता किंचित बदलावी. जमिनीवरून वेटोळे फिरवितानाच आवाज येत असेल, तर तो जमिनीचा. मग धातुरहित जागी वेटोळे वर-खाली हालवून भूसंतुलन साधावे, संवेदनशीलता पायरीपायरीने उतरवावी आणि पाण्याच्या रेषेला समांतर, सारख्या उंचीवरून चालावे. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे ओल्या वाळूवर अधिक शांत राहतात.

एक मोह टाळावा. सर्व क्षीण संकेत गाळून टाकले की शांतता लाभते खरी. परंतु सोन्याच्या नाजूक साखळीचा संकेत खाऱ्या वाळूच्या संकेताजवळच असतो, म्हणून तीही गाळली जाते. हरवलेला दागिना शोधणाऱ्याने थोडा गोंगाट सोसावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न, शोधावे कोठे? बहरीनमधील दिलमून संस्कृतीची ११,७७४ थडगी २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत आली. बारबार येथील मंदिराच्या उत्खननात डॅनिश संशोधकांना तांब्याचे वृषभमस्तक मिळाले. ते कोणत्या जागी सापडले याची नोंद झाली, म्हणूनच त्याचा इतिहास सांगता येतो. कोणी रात्री उकरून नेले असते, तर केवळ तांबे उरले असते. बहरीनमध्ये परवानगीविना उत्खननास मनाई आहे; इस्राएलमध्येही १९७८ च्या कायद्यान्वये परवान्याविना या यंत्राने पुरातन वस्तू शोधणे गुन्हा आहे.

तेव्हा पालकहो, मुलांच्या हाती हे यंत्र देण्यापूर्वी त्याच्या कळांबरोबर हा नियमही त्यांस अवश्य शिकवावा.