नळी बदलते तेव्हा : जुन्या शिकारी रायफलीचे नवे कॅलिबर कोण ठरवतो?

१/१४
जुन्या बंदुकांच्या संग्राहकांमध्ये एक समज दृढ आहे : मूळ नळी असलेली रायफल अस्सल आणि नळी बदललेली रायफल बिघडवलेली. इतिहासाच्या दृष्टीने हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. बदललेली नळी हा अनेकदा त्या रायफलीचा दुसरा जन्मदाखला असतो आणि पहिल्यापेक्षा तो अधिक बोलका असतो.

२/१४
प्रथम मूळ प्रश्न. रायफलीच्या नळीतील पीळ गोळ्यांच्या घर्षणाने व दारूच्या ज्वालेने झिजतात, नळीला गंज चढतो आणि नेम ढळतो. लाकडी दस्ता व खटक्याची यंत्रणा मात्र धडधाकट असते. अशा वेळी कारागीर नवी नळी बसवतो. मग मालकापुढे निवड येते : जुनेच कॅलिबर ठेवायचे की नवे घ्यायचे?

३/१४
वरवर पाहता हा निर्णय शिकारीचा वाटतो. हरणासाठी हलकी गोळी, रानरेड्यासाठी जड. प्रत्यक्षात मालकाच्या आधी दोघांनी निर्णय घेतलेला असतो. एक, ती जुनी यंत्रणा : काडतुसाची लांबी, त्याच्या बुडाची कडा आणि दारूचा दाब तिला पेलला पाहिजे. दुसरे, काडतुसांच्या पुरवठ्यावर ज्याची सत्ता आहे ते सरकार.

४/१४
याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे .४५० नायट्रो एक्सप्रेस. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये हे काडतूस बाजारात आणले. कॉर्डाइट ही नवी दारू आणि ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची गोळी. हत्ती आणि गव्यासाठी दुनळी रायफल घेणाऱ्यांत हे कॅलिबर झपाट्याने रुळले.

५/१४
परंतु .४५० हा आकडा साम्राज्याला दुसऱ्याच कारणाने परिचित होता. १८७१ पासून ब्रिटिश फौजेकडे असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .५७७/४५० होते. तिचीही गोळी ४८० ग्रेनचीच. फौजेने पुढे .३०३ स्वीकारली, मार्टिनी-हेन्री मात्र वायव्य सरहद्दीवर पठाणांच्या खांद्यावर दिसू लागली. दर्रा आदमखेलचे कारागीर तिच्या हुबेहूब नकला घडवत होते.

६/१४
शिकारीचे काडतूस मार्टिनीत जसेच्या तसे बसत नव्हते. पण त्यातली गोळी व दारू काढून वापरता येईल, ही सरकारची भीती होती. १८९७ चा सरहद्दीवरील उठाव ताजा होता. सुदानमधील महदी राजवट मोडून फार काळ लोटला नव्हता. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० कॅलिबरवर बंदी आली.

७/१४
इंग्लंडच्या बंदूककारांनी तक्रार केली असेल, पण थांबले नाहीत. त्यांनी आकडा बदलला. जोसेफ लँगचे .४७०, हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, शिवाय .४७५ आणि .४७६ ही कॅलिबरे बाजारात आली. .४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग जवळपास .४५० इतकाच. जनावराच्या दृष्टीने फरक नाममात्र. कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळी वस्तू.

८/१४
पेच होता तो जुन्या .४५० च्या मालकापुढे. काडतुसेच मिळेनाशी झाली तर उत्तम रायफल केवळ भिंतीची शोभा. आणि दुनळीची नळी बदलणे हे किचकट काम. दोन्ही नळ्या अशा कोनात जोडाव्या लागतात की ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच जागी पडाव्यात. काडतूस बदलले की ही जुळणी ढळते. म्हणजे सरकारी कागदावरचा एक आकडा निष्णात कारागिराचे सारे कसब नव्याने पणाला लावत होता.

९/१४
हाच खेळ ऑस्ट्रेलियात वेगळ्या रीतीने रंगला. न्यू साउथ वेल्समध्ये नागरिकांना लष्करी कॅलिबरच्या रायफली बाळगण्यावर निर्बंध होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर .३०३ लष्करी रायफलींचा मुबलक साठा हाती होता. तोडगा निघाला तो .३०३/२५. काडतूस तेच, बुडाची कडा तीच, फक्त मान आवळून .२५ ची गोळी बसवलेली. नळी नवी, बाकी यंत्रणेला फारसा हात लावण्याची गरज नव्हती. कांगारूची शिकार सुरू राहिली.

१०/१४
हिंदुस्थानातही नागरिकाला फौजेचे .३०३ मिळत नव्हते. त्यामुळे येथे रुळले ते .३१५. त्याचा उगम ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मान्लिखेर काडतुसात आहे. परक्या फौजेचे काडतूस, म्हणून ब्रिटिश फौजेच्या कोठारातील नव्हे. हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची शिकारी रायफल स्वातंत्र्यानंतरही तयार होत राहिली, आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात.

११/१४
कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. फौज आणि नागरिक यांची काडतुसे एकच असतील, तर कोठारातून चोरलेला माल ओळखायचा कसा? हा युक्तिवाद पोकळ नाही; म्हणूनच स्वतंत्र भारतातही ‘निषिद्ध बोअर’ ही कल्पना टिकली आणि .३०३ त्यात राहिले. पण परिणाम पाहावा. दर्राचे कारागीर मार्टिनी सोडून .३०३ च्या नकला करू लागले. आणि उत्तर भारतातील गुन्ह्यांच्या बातम्यांत गावठी कट्टा बहुधा कोणत्या बोअरचा असतो? .३१५ चा. लष्करी काडतूस टाळण्यासाठी जे कॅलिबर रुळले, तेच चोरट्या हत्यारांचे कॅलिबर झाले. कारण हत्यार आकड्यामागे धावत नाही, उपलब्ध काडतुसामागे धावते.

१२/१४
येथे मूळ मुद्द्याकडे परतता येते. बदललेल्या नळीवर नवे कॅलिबर कोरलेले असते. नळी ब्रिटनमध्ये बदलली असेल, तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे नवे ठसेही उमटलेले असतात. मूळ नळी सांगते की कारागिराने काय घडवले. नवी नळी सांगते की पुढच्या काळात त्या वस्तूला जगू कोणी दिले, आणि कोणत्या अटीवर.

१३/१४
म्हणून ‘मूळ नाही’ एवढ्या शेऱ्यावर अशी रायफल बाजूला टाकणे हे ताम्रपटावरचा दुसरा लेख खरवडून काढण्यासारखे आहे. संग्रहालयातील पाटीवर दोन्ही कॅलिबरे आणि दोन्ही काळ नोंदवले गेले पाहिजेत. काढलेली जुनी नळी हाती असेल तर तीही शेजारीच ठेवली पाहिजे. आणि जिची नळी बदललेलीच नाही, तिची नळी आज हौसेखातर बदलण्याचे भारतात कारण उरलेले नाही : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्वच संपले.

१४/१४
वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा एखाद्या संग्रहालयात जुनी रायफल दिसली, तर प्रथम तिच्या नळीवरचा आकडा वाचावा आणि मग दस्त्याचे वय पाहावे. दोन्ही जुळत नसतील तर निराश होऊ नये. इतिहास बहुधा त्या न जुळण्यातच असतो.