टॅबलेट घेताना : आधी पान, मग यंत्र

व्यापारात मुरलेला माणूस नमुना पाहिल्याशिवाय माल उचलत नाही. कापडाचा पोत तो बोटांनी चाचपतो, धान्याचा दाणा तळहातावर घेऊन निरखतो. तोच माणूस टॅबलेटच्या दुकानात मात्र जाहिरातीतील आकड्यांवर विसंबतो. घरातील ज्येष्ठांच्या वाचनासाठी टॅबलेट घ्यावयाचा असेल, तर तेथेही नमुना हवा. आणि तो नमुना म्हणजे ते रोज जे वाचतात त्याचे एक पान.

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सांगण्याची रीत आहे. त्यावरून पानाची रुंदी कळत नाही, आणि वाचकाला गरज असते ती रुंदीची. १६ : १० या प्रमाणाचा दहा इंची पडदा उभा धरला, तर तो सुमारे सव्वापाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच भरतो. आपल्याकडील डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. म्हणजे त्याचे पान येथे जवळजवळ मूळ आकारात दिसते. आठ इंची पडद्यावर मात्र ए-फोर कागदावरील मजकूर निम्म्यावर येतो आणि बारा पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटचे होते. साठी उलटलेल्या डोळ्यांना ते कसे झेपावे? ज्यांचे वाचन प्रामुख्याने ए-फोर कागदावरचे आहे, त्यांनी ४ : ३ प्रमाणाचा, अधिक रुंद पडदा पाहावा.

अक्षर मोठे करता येतेच की, असे विक्रेता सांगेल. ई-पुस्तकात ते खरे आहे. अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. परंतु जुने मराठी ग्रंथ बहुधा पानांच्या छायाप्रतींच्या रूपात मिळतात. तेथे अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. चार दिवसांत वाचनच थांबते. शिवाय देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार स्पष्ट दिसण्यासाठी पडदा दाट बिंदूंचा हवा. दहा इंची पडद्यावर १२८० बाय ८०० बिंदू असतील तर इंचाला सुमारे १५० पडतात, १९२० बाय १२०० असतील तर सुमारे सव्वादोनशे. हा फरक दुकानात आपले पान उघडून पाहिल्यास लगेच जाणवतो. त्याच वेळी यंत्र दहा मिनिटे एका हातात धरून पाहावे. अर्धा किलो वजन प्रथम हलके वाटते, मनगटाला ते नंतर कळते.

केवळ वाचनच करावयाचे असेल, तर ई-शाईच्या पडद्याचे वाचनयंत्र डोळ्यांना अधिक सुखावह असते. मात्र त्यावर संकेतस्थळे पाहणे संथ आणि गैरसोयीचे ठरते. दोन्ही गरजा असतील तर टॅबलेटच योग्य. तो घेताना सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे मिळणार, हे अवश्य विचारावे. सुधारणा थांबलेल्या जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. घरात वायफाय असेल तर सिमकार्डाच्या महाग प्रकाराची गरज सहसा नसते. बाहेर गेल्यावर मोबाइलचे इंटरनेट टॅबलेटला देता येते.

आता छायाचित्रणाकडे वळू. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या आयपॅडला कॅमेराच नव्हता. तो पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आला. आजही प्रवासातील वा समारंभातील छायाचित्रांसाठी हातातील मोबाइल अधिक सोयीचा आहे. टॅबलेटचा कॅमेरा उपयोगी पडतो तो घरातील जुनी कागदपत्रे, खातेवह्या आणि छायाचित्रे जतन करण्यासाठी, कारण टिपलेली प्रत तेथल्या तेथे मोठ्या पडद्यावर तपासता येते. आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ए-फोर कागद पूर्ण चौकटीत टिपला, तर इंचाला सुमारे २८० बिंदू मिळतात. वाचण्यायोग्य प्रतीसाठी ते पुरेसे आहेत. परंतु कॅमेऱ्याला आपोआप केंद्रित होण्याची सोय, म्हणजे ऑटोफोकस, हवाच. काही स्वस्त यंत्रांत तो नसतो आणि जवळचा मजकूर अस्पष्ट येतो. कागद खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात.

या कामात घाई करावी असा एक भाग आहे. शाई आणखी काही वर्षे टिकेल. पण जुन्या समूहचित्रात मागच्या ओळीतील तिसरा माणूस कोण, हे बहुधा घरातील एखाद्याच वृद्धाला ठाऊक असते. ते छायाचित्र पडद्यावर मोठे करून आजोबांसमोर धरावे, चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारावे आणि ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.